विमानवाहू नौकेवरील सेवा आणि निवृत्तांची स्मृती : एक साधनविचार

पवईच्या तलावापासून जवळच, हिरानंदानी वसाहतीला लागून, ‘जलवायू विहार’ ही नौदल व वायुदल यांतील आजीमाजी मंडळींची वसाहत आहे. मुंबईच्या नाविक इतिहासाची साधने शोधणाऱ्या अभ्यासकाचे पाऊल सामान्यतः कुलाब्याकडे, गोदीकडे किंवा दिल्लीच्या दफ्तरखान्याकडे वळते. पवईकडे वळत नाही. परंतु सेवानिवृत्त माणसे जेथे राहतात तेथे त्यांच्यासह एक अलिखित दफ्तरही राहावयास येते, आणि त्याची मोजदाद कोणत्याही सूचीत होत नाही. अशा निवृत्तांच्या आठवणींना, विशेषतः विमानवाहू नौकेवरील सेवेच्या आठवणींना, इतिहासाचे साधन या नात्याने कोणते स्थान द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाला हा प्रश्न नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची कठोर तपासणी केली आणि समकालीन अस्सल कागद हाच इतिहासाचा पाया होय, हा दंडक घालून दिला. त्या दंडकाचा उपकार पुढील सर्व संशोधनावर आहे. तथापि बखरी त्याज्य ठरल्या, असे मात्र घडले नाही. भाऊसाहेबांच्या बखरीतील कालानुक्रम सदोष आहे, हे सिद्ध झाल्यावरही पानिपतचा आघात पुढच्या पिढ्यांच्या मनात कसा उमटला, हे जाणण्यासाठी अभ्यासक तिच्याकडेच जातो. एकच साधन एका प्रश्नाला खोटी साक्ष देते आणि दुसऱ्या प्रश्नाला खरी. म्हणून साक्षीदार विश्वसनीय आहे काय, असे सरसकट विचारण्यापेक्षा तो कोणत्या बाबतीत विश्वसनीय आहे, हे विचारणे अधिक फलदायी ठरते. निवृत्तांच्या स्मृतीला हीच कसोटी लावली असता, माझ्या मते, असे दिसते की तारखा, संख्या आणि कारणे यांबाबत ती दुर्बळ असते; उलट, काम प्रत्यक्ष कसे होत असे याबाबत तिच्याइतके समर्थ साधन दुसरे नाही.

१

प्रथम निर्विवाद गोष्टी मांडणे सोयीचे होईल. भारतीय नौदलाचे पहिले विमानतळ-ठाणे ‘गरुड’ हे ११ मे १९५३ रोजी कोचीन येथे कार्यान्वित झाले. विमानवाहू नौका मिळण्यास यानंतर आठ वर्षे लागली. ब्रिटिश नौदलासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधावयास घेतलेली ‘हर्क्युलिस’ ही नौका सप्टेंबर १९४५ मध्ये पाण्यात उतरली. परंतु युद्ध संपल्यामुळे तिचे काम अर्धवट राहिले. भारत सरकारने ती १९५७ मध्ये विकत घेतली आणि बेलफास्ट येथील हारलँड अँड वुल्फ यांच्या गोदीत तिची पूर्तता करविली. ४ मार्च १९६१ रोजी, विजयालक्ष्मी पंडित या ब्रिटनमध्ये भारताच्या उच्चायुक्त असताना, त्यांच्या हस्ते ती ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. कॅप्टन प्रीतमसिंग महेंद्रू हे तिचे पहिले कप्तान होत.

तिच्यासाठी दोन मुख्य पथके उभी केली गेली. ‘सी हॉक’ या एकासनी जेट लढाऊ विमानांचे ३०० क्रमांकाचे पथक जुलै १९६० मध्ये ब्रिटनमधील ब्रॉडी येथे स्थापन झाले, तर पाणबुडीविरोधी ‘अलिझे’ विमानांचे ३१० क्रमांकाचे पथक मार्च १९६१ मध्ये फ्रान्समधील इएर येथे. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिले सी हॉक उतरविले, हेच अधिकारी पुढे १९८४ ते १९८७ या काळात नौदलप्रमुख झाले. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी नौका मुंबईस पोहोचली तेव्हा पंतप्रधान नेहरू स्वागतास उपस्थित होते. त्यानंतर दीड महिन्यातच गोव्याची मोहीम झाली आणि तिच्या काळात ‘विक्रांत’ किनाऱ्यापासून दूर समुद्रात गस्तीवर होती. पोर्तुगीजांनी बांधलेला दाबोळीचा विमानतळ पुढे नौदलाकडे आला. ‘हंसा’ हे ठाणे १९६४ मध्ये सुलूरहून तेथे हलले, आणि नौदलाच्या विमानदलाचे बिऱ्हाड कोकणच्या किनाऱ्यावर कायमचे स्थिरावले.

सी हॉक विमाने १९७८ पर्यंत ‘विक्रांत’वर होती. उभे उतरू शकणारी ‘सी हॅरिअर’ विमाने १९८३ च्या डिसेंबरात भारतात आली. १९८७ मध्ये अलिझेचे ‘विक्रांत’वरून अखेरचे उड्डाण झाले. त्याच वर्षी ब्रिटनची ‘हर्मीस’ ही नौका ‘विराट’ या नावाने आपल्या नौदलात आली. ‘विक्रांत’ ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. ती २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबईत वस्तुसंग्रहालय म्हणून उभी होती. पुढे तिचे जतन करण्याची आशा न्यायालयातही मावळली आणि २०१४ च्या नोव्हेंबरात दारुखान्याच्या किनाऱ्यावर तिची मोडतोड सुरू झाली.

हा सर्व सांगाडा कागदावरून उभा करता येतो. त्यासाठी कोणाच्याही आठवणीची गरज नाही. आठवणीची गरज कोठे लागते आणि ती कोठे फसविते, हे यानंतर पाहावयाचे आहे.

२

स्मृती फसविते ती मुख्यतः दोन प्रकारांनी. पहिला प्रकार ऐकीव गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट यांच्या मिश्रणाचा. याचे ठळक उदाहरण ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीचे होय. ‘विक्रांत’च्या शोधात निघालेली ही पाणबुडी १९७१ च्या ३ व ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नो वे बट सरेंडर’ या ग्रंथात, शत्रूला फसविण्यासाठी ‘विक्रांत’ विशाखापट्टणमलाच असल्याचा आभास कसा निर्माण केला, हे सांगितले आहे. ‘राजपूत’ या विनाशिकेने टाकलेल्या स्फोटकांनी ती बुडाली, ही भारतीय बाजू. तिच्यावरच्याच सुरुंगांचा अथवा आतील स्फोटाचा हा परिणाम होता, ही पाकिस्तानी बाजू. वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की ‘विक्रांत’ त्या वेळी तेथे नव्हती. ती अंदमानकडे होती. त्यामुळे ‘विक्रांत’वर सेवा केलेला कोणीही वृद्ध नौसैनिक गाझीची हकिकत कितीही तपशिलाने सांगो, ती त्याची साक्ष ठरत नाही. ती त्याच्या वाचनाची व मेसमधील गप्पांची साक्ष होय. हेच १९६५ च्या बाबतीत. ‘विक्रांत’ बुडविल्याचा दावा पाकिस्तानने त्या वर्षी केला, आणि नौका तर मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी उभी होती. ही गोष्ट पुढे इतक्या वेळा छापली व सांगितली गेली आहे की ज्याने तो दावा स्वतः ऐकला आणि ज्याने तो नंतर वाचला, त्या दोघांचे कथन आज एकसारखेच वाटावे.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. स्मृती घटनांना कथानक देते. १९६५ च्या युद्धात नौदलाला पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेस कारवाई करण्यास मनाई होती. त्या काळी नौदलप्रमुख भास्करराव सोमण होते; ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या आणि तरीही नौदलाला हात आवरावा लागला. या सलामुळे पुढील सर्व आठवणींना एक ठरावीक आकार आला : अवहेलना प्रथम आणि परिमार्जन नंतर. ॲडमिरल एस. एम. नंदा यांच्या २००४ मधील आत्मकथनाचे ‘द मॅन हू बॉम्ब्ड कराची’ हे नावच हे परिमार्जन बोलून दाखविते. हा आकार खोटा आहे असे नव्हे. परंतु तो एकदा मनात बसला की १९६१ ते १९७१ या दहा वर्षांतील रोजचे प्रशिक्षण, अपघात, सुट्या भागांची टंचाई, कंटाळा, हे सारे केवळ प्रस्तावना होऊन बसते. इतिहासकाराला तर याच दशकाची अधिक गरज आहे, कारण युद्धाचे तेरा-चौदा दिवस त्या दशकाच्या जोरावर लढले गेले.

३

आता स्मृतीची बलस्थाने. विमानवाहू नौकेवर विमान उतरविणे हे काम कसे होते, याचा विचार करावा. नौकेची लांबी सुमारे ७०० फूट. तीवर उतरण्यास मिळणारा तुकडा त्याहून पुष्कळच लहान. विमान शंभराहून अधिक नॉट वेगाने येते आणि त्याच्या शेपटीकडील आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एकीत अडकला तर काही क्षणांत थांबते. आकडा चुकला तर इंजिन पूर्ण जोरात ठेवून पुन्हा उडावे लागते. डेकचा उतरणीचा भाग तिरका बांधलेला असल्यामुळे पुढे उभी असलेली विमाने त्याच्या वाटेत येत नाहीत. योग्य उतारावर आहोत की नाही, हे विमानचालकाला डेकच्या कडेला बसविलेल्या आरशातील प्रकाशबिंदूवरून समजते. तिरका डेक, हा आरसा आणि वाफेवर चालणारे कॅटपल्ट या तिन्ही युक्त्या ब्रिटिश नौदलात युद्धोत्तर काळात निघाल्या आणि ‘विक्रांत’च्या पूर्ततेत त्यांचा समावेश झाला.

लॉगबुकात या साऱ्याची नोंद एका ओळीची असते : अमुक वाजता अमुक क्रमांकाचे विमान उतरले. त्या ओळीमागे विमानचालकाखेरीज कितीतरी माणसे उभी असतात. तारांचा ताण विमानाच्या वजनाप्रमाणे लावणारा, आकडा सोडवून विमान बाजूला घेणारे, पंख दुमडून ते लिफ्टने खालच्या हँगरमध्ये नेणारे, इंधन भरणारे, आगीच्या बंबापाशी उभे असणारे, आणि बाजूने हेलिकॉप्टर घेऊन माणूस पाण्यात पडण्याची वाट पाहत तरंगणारे. कोणता आवाज आला की काहीतरी बिघडले आहे असे समजावे, वाऱ्यात शब्द ऐकू येत नसता हाताच्या कोणत्या खुणेने काय सांगावे, रात्री डेक पावसाने निसरडा झाला असता पाय कोठे रोवावा, हे ज्ञान नियमपुस्तकात अंशतःच असते. उरलेले शरीरात असते, आणि शरीराची स्मृती तारखांच्या स्मृतीहून टिकाऊ असते. ज्याने एक काम हजारो वेळा केले, त्याला त्यातील एकेका दिवसाची आठवण राहत नाही; कामाची मात्र राहते.

१९७१ मधील बॉयलरचे प्रकरण यासाठी उद्‌बोधक आहे. ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला युद्धापूर्वी तडे गेल्याचे आढळले. तो बंद ठेवून, कमी वेगाची मर्यादा घालून नौका युद्धात उतरविली गेली. या निर्णयाचा इतिहास कागदपत्रांत सापडतो. परंतु त्याचा डेकवरचा अर्थ असा होता : विमान उडण्यासाठी डेकवरून वारा वाहावा लागतो, आणि तो वारा म्हणजे नौकेचा वेग अधिक निसर्गातील वारा. नौकेचा वेग घटला की निसर्गाच्या वाऱ्यावर मदार वाढते, आणि बंगालच्या उपसागरात डिसेंबरातील वारा पुष्कळदा मंद असतो. शिवाय कॅटपल्टलाही त्याच बॉयलरांची वाफ लागते. वेग व उड्डाण यांना एकाच भांडारातून वाटा द्यावयाचा होता. अशा स्थितीत ४ डिसेंबरला सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे मारा केला आणि पुढील दिवसांत खुलना व मोंगला यांच्याकडेही उड्डाणे झाली. नौकेचे कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉक पथकाचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले. त्या दोघांचे शौर्य निःसंशय आहे. परंतु बॉयलरघरातील उष्णतेत वाफेचा दाब राखणाऱ्यांनी प्रत्येक उड्डाणासाठी काय केले, त्यांना डेकवरची निकड कशी कळत असे, वाफ अपुरी पडते असे वाटले तर ‘नाही’ कोण म्हणू शकत असे, या प्रश्नांची उत्तरे शौर्यपदकांच्या उल्लेखपत्रात मिळणार नाहीत. ती त्या माणसांकडेच मागावी लागतील.

याहून एक गंभीर गोष्ट आहे. ‘विक्रांत’वरील कॅटपल्ट १९८७ नंतरच्या दुरुस्तीत काढून टाकले गेले. ‘विराट’, २०१३ मध्ये दाखल झालेली ‘विक्रमादित्य’ आणि २०२२ मध्ये कोचीत दाखल झालेली नवी ‘विक्रांत’, या तिन्ही नौकांवरून विमाने उडतात अथवा उडत ती उंचावलेल्या उतारावरून. म्हणजे कॅटपल्टने विमान उडविण्याचे काम भारतीय डेकवर केलेली माणसे १९६१ ते १९८७ या २६ वर्षांतील आहेत. त्यांच्यानंतर कोणी नाही. ते यंत्र गेले, ती नौकाही भंगारात गेली. ‘विक्रांत’ प्रथम मुंबईस आली तेव्हा जो वीस वर्षांचा होता, त्याने आज ऐंशी ओलांडली आहे.

४

यावर असे म्हणता येईल की अधिकृत इतिहास उपलब्ध असता स्मृतीच्या मागे कशाला लागावे? रिअर ॲडमिरल सत्येंद्र सिंग यांचा ‘ब्लूप्रिंट टू ब्लूवॉटर’ हा १९५१ ते १९६५ या काळाचा इतिहास आणि व्हाइस ॲडमिरल जी. एम. हिरानंदानी यांचे १९६५ पासून पुढचे तीन खंड हे मोलाचे ग्रंथ आहेत, यात शंका नाही. परंतु हिरानंदानी यांचा १९७१ विषयीचा खंड काळजीपूर्वक वाचला तर त्यात सहभागी अधिकाऱ्यांच्या आठवणींना मोठी जागा दिलेली आढळते, आणि हा खंड प्रसिद्ध झाला २००० मध्ये. म्हणजे आपण ज्याला दस्तऐवज समजतो त्याचा काही अंश युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी जमविलेली स्मृतीच आहे. तेव्हा निवड कागद आणि स्मृती यांमध्ये राहत नाही. कोणाची स्मृती छापली गेली आणि कोणाची राहिली, हा प्रश्न उरतो.

छापलेली स्मृती बहुतांशी अधिकाऱ्यांची, आणि इंग्रजीत आहे. अलिझे विमानात तीन माणसे बसत. त्यांतील तिसरा बहुधा यंत्रे सांभाळणारा नौसैनिक असे. एकाच विमानातील या तिघांना संकट सारखेच होते, पुढे ग्रंथ लिहिण्याची संधी मात्र सारखी नव्हती. आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने याला विशेष महत्त्व आहे. रत्नागिरी जिल्ह्यातून नौदलात भरती होण्याची परंपरा इंग्रजी अमदानीपासूनची आहे, आणि मुंबईची नाविक गोदी चालली ती मराठी कामगारांच्या हातांनी. या माणसांच्या आठवणी मराठीत आहेत. घरी, गावी, गणपतीत त्या सांगितल्या जातात आणि तेथेच विरतात.

असे विरणे टळले तर काय हाती लागते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. फेब्रुवारी १९४६ मधील नाविकांच्या उठावाविषयी सरकारी चौकशीचे कागद आहेत. तरीही ‘तलवार’ या ठाण्यावरील नौसैनिकांचे मन कसे तयार होत गेले, हे आपल्याला समजते ते बी. सी. दत्त या नौसैनिकाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘म्युटिनी ऑफ द इनोसंट्स’ या कथनामुळे. एका सामान्य नौसैनिकाने लिहिले म्हणून त्या घटनेचा इतिहास केवळ चौकशीमंडळाच्या नजरेने लिहिला गेला नाही.

५

शेवटी कार्यपद्धतीविषयी काही सूचना करणे उचित होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्या उपयोगी पडाव्यात. प्रथम, मुलाखतीचा आरंभ युद्धापासून करू नये. ‘आपले काम काय होते, सकाळी प्रथम काय करीत असा’ असे विचारावे. युद्धाचे कथन पाठ झालेले असते, कामाचे नसते. दुसरे, सांगणाऱ्याकडून त्याच्या जागेचा नकाशा काढवून घ्यावा : तो कोठे उभा राही, शेजारी कोण, दिवा कोठे, दार कोठे. एकाच ठिकाणच्या दोघांचे नकाशे जुळले तर तो पुरावा कागदाच्या तोडीचा मानावा. तिसरे, सन विचारू नये. खुंटीला बांधून घ्यावा. नौका मुंबईस येण्यापूर्वी की नंतर, दाबोळीचे ठाणे सुरू झाले तेव्हा की आधी, सी हॉक गेल्यावर की असताना, असे विचारले म्हणजे कालनिर्णय बऱ्यापैकी होतो. चौथे, प्रत्येक विधानापुढे पाहिलेले, ऐकलेले किंवा नंतर वाचलेले, अशी खूण करावी. गाझीच्या उदाहरणावरून हिची आवश्यकता स्पष्ट व्हावी. पाचवे, पदाचा विचार न करता साक्षीदार निवडावेत. विमानचालकाइतकाच यंत्रकारागीर, स्वयंपाकी व गोदीकामगार महत्त्वाचा. घरी मागे राहिलेल्या पत्नीची साक्षही घ्यावी, कारण समुद्रावरून काय कळविले गेले आणि काय दडविले गेले, हे तिलाच ठाऊक असते. सहावे, सांगणाऱ्याचे शब्द त्याच्याच बोलीत टिपावेत. डेकवरील इंग्रजी संज्ञांचे जे मराठी रूप त्याच्या तोंडी बसले असेल, ते भाषाशुद्धीच्या हौसेने बदलू नये.

या सर्वांवर एक मर्यादा पाळावयाची आहे. काही गोष्टी शासकीय गोपनीयतेच्या कक्षेत येतात आणि काही व्यक्तींच्या मृत्यूशी संबंधित असतात. अपघातात गेलेल्या सहकाऱ्याविषयी वृद्ध माणूस बोलू लागला आणि थांबला, तर त्याला पुढे ढकलू नये. त्याचे थांबणेही टिपून ठेवावे.

राजवाडे कागदांच्या शोधात गावोगाव हिंडले, कारण माळ्यांवरचे रुमाल वाळवी खात होती आणि दुकानदार त्यांत पुड्या बांधीत होते. आजच्या अभ्यासकाला तितके हिंडावयाचे नाही. मुंबईच्या नाविक गोदीजवळ ‘विक्रांत’च्या पोलादातून घडविलेले स्मारक २०१६ पासून उभे आहे, ते नौकेची आठवण ठेवील, परंतु ती चालत कशी होती हे सांगणार नाही. ते सांगणारी माणसे पवईसारख्या वसाहतींतून आणि कोकणातील घरांतून अद्यापि आहेत. त्यांची यादी करून प्रत्येकाकडे एक विद्यार्थी पाठविणे, हे कोणत्याही इतिहासविभागाला एका शैक्षणिक वर्षात साधण्यासारखे काम आहे.